दिवा स्थिर झाला तर

"दिवा लुकलुकायचा थांबला, तर कशालाही हात लावू नको. आधी मला फोन कर."

बाबांनी हे मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं. ते गेल्यानंतर मी तिथे पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा दिवा लुकलुकायचा थांबलेला होता.

मी आणि मामा खोली रिकामी करायला गेलो होतो. भाड्याची खोली, एक खिडकी, तिच्याखाली बाबांचं लांब टेबल. दुपारी वायरमन येऊन वीज तोडणार होता; मालकाला खोली दुसऱ्याला द्यायची होती. मामा दारातच बसून पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागला होता. मी टेबलावरचं कापड उचललं आणि तशीच उभी राहिले.

"काय गं? पाल आहे का?"

"मामा, टेबलाजवळ येऊ नकोस. आणि कुठलंही बटण दाबू नकोस."

"मी काय बटणं दाबत हिंडतो का?" तो म्हणाला, पण माझा चेहरा पाहून जागच्या जागी थांबला.

बाबा एका प्रसूतिगृहासाठी वॉर्मरचे कंट्रोल बोर्ड बनवत. वॉर्मर म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या, अंगात धग नसलेल्या बाळांना ठेवायचा ऊबदार पाळणा. वर हीटर, बाळाच्या पोटावर चिकटवलेला तापमानाचा सेन्सर, आणि दोघांच्या मध्ये बाबांचा बोर्ड, जो ठरवतो की हीटर कधी चालू करायचा आणि कधी बंद. गेल्या वर्षी एका वॉर्मरचा हीटर बंदच झाला नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरने सहज गादीवर हात ठेवला म्हणून बाळ वाचलं. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं की वायर ढिली होती. बाबांना ते पटलं नाही. त्यांनी तो बोर्ड परत आणला, हीटरच्या जागी एक बल्ब लावला, आणि बोर्ड टेबलावर चालू ठेवून दिला. पुन्हा अडकेल तेव्हा तो का अडकला ते त्याच्या पोटात पाहायचं, असा त्यांचा बेत होता. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या फेऱ्या नीट मारतो आहे.

बोर्ड अडकायच्या आत बाबाच गेले. त्यांच्या मागे बोर्ड बंद करायचा धीर कोणाला झाला नाही. तो एकटाच लुकलुकत राहिला असणार. आता दिवा डोळा न मिटता माझ्याकडे पाहत होता आणि शेजारचा बल्ब भगभगत होता. टेबलाच्या त्या कोपऱ्यातलं लाकूड तापून वास येत होता.

मी सेन्सरची वायर वाकून पाहिली, हात न लावता. बाबांनी ती नव्याने सोल्डरचा डाग देऊन पक्की केलेली होती. ढिली असण्याचा प्रश्नच नव्हता.

मी प्रसूतिगृहात फोन लावला. मोठ्या सिस्टर बाबांना ओळखत होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुमचे बाकीचे वॉर्मर बंद ठेवता येतील का?"

"ताई, दोन चालू आहेत आणि दोन्हींत बाळं आहेत. एक तर कालच झालंय, तळहाताएवढं आहे. बिघाड त्या एका बोर्डात आहे, की सगळ्यांत?"

"बोर्डाचा एखादा भाग खराब असेल तर फक्त त्यात. प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर सगळ्यांत. प्रोग्रॅम एकच आहे."

"मग नक्की काय ते सांगा. 'कदाचित'वर मी बाळाला गारठवू शकत नाही. तोवर तिथे एका मुलीला बसवते, पण तिलाही दहा कामं आहेत."

नक्की काय ते त्या चिपच्या आत होतं. प्रोग्रॅम कुठल्या ओळीवर अडकून पडला आहे, ते चिपच्या स्मरणात त्या क्षणी होतं, आणि वीज असेपर्यंतच राहणार होतं. वीज गेली की कोरी पाटी. मग पुन्हा अडकायची वाट पाहायची. किती महिने, कोण जाणे.

"मामा, बाबांचा लॅपटॉप?"

मामाने चिकटपट्टी खाली ठेवली. "तो मी पुसून घेतला ना दुकानातून. माझ्या धाकटीला अभ्यासाला द्यायचा म्हणून. तूच म्हणालीस, दे म्हणून."

मी म्हणाले होते. चिपच्या पोटात डोकावण्याचं बाबांचं सगळं सामान त्यात होतं. प्रोग्रॅमचा कोड मात्र माझ्याकडे होता. प्रत्येक बदलानंतर ते मला तो पाठवत, "घर जळलं तरी तुझ्याकडे राहील" म्हणत. आणि ड्रॉवरमध्ये काडेपेटीएवढा प्रोब होता, जो एका बाजूने लॅपटॉपला आणि दुसऱ्या बाजूने चिपला जोडतात. मधलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोणीही घ्यावं, बदलावं असं खुलं. मी ते चटकन माझ्या लॅपटॉपवर घेतलं, आणि चिपांची यादी चाळल्यावर हात आखडला. नेहमीची चिप मिळेना तेव्हा बाबांनी तिच्यासारखीच दिसणारी दुसऱ्या कंपनीची वापरली होती. तयार मिळणाऱ्या आवृत्तीला ही चिप ठाऊक नव्हती. नव्या सोर्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ कोडमध्ये, ती होती, पण ती आवृत्ती अजून तयार स्वरूपात बाहेर आली नव्हती. म्हणजे सोर्स आणून सॉफ्टवेअर स्वतः बांधायचं.

"ओळखत नसली म्हणून काय बिघडलं?" मामाने विचारलं. "मीही तुझ्या मामीला ओळखत नव्हतो."

"बिघडतं. चिपमध्ये एक राखणदार असतो, वॉचडॉग म्हणतात त्याला. प्रोग्रॅमने त्याला सारखं कळवत राहायचं की मी जागा आहे. कळवलं नाही, तर तो चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मी चिप थांबवून आत पाहायला गेले, की त्याला निरोप मिळायचा बंद होईल आणि तो सगळं पुसून टाकेल. म्हणून आधी त्याला झोपवायचं, मग चिप थांबवायची. चिप ओळखीची असेल तरच ते नीट होतं."

"म्हणजे चोरी करण्याआधी कुत्र्याला भाकरी."

"तसंच."

एवढा मोठा सोर्स उतरवण्याइतकं नेट खोलीत येत नव्हतं. फोनला खिडकीबाहेर धरलं तर दोन काड्या यायच्या. मामा खुर्चीवर चढला आणि गजातून हात बाहेर काढून उभा राहिला.

"मी मामा आहे की अँटेना?"

"हात खाली घेऊ नकोस. येतंय."

सोर्स उतरला. बांधणीची पहिली आज्ञा दिली, तर अमुक एक लायब्ररी, म्हणजे लागणारा तयार कोड, सापडत नाही. ती आणली. आता दुसरी नाही. ती आणली. मग काळ्या पडद्यावर ओळी पळायला लागल्या, एकेक फाइल बांधली जात असल्याच्या. मी बँकांसाठी प्रोग्रॅम लिहिते. माझा प्रोग्रॅम अडकला तर लोक रांगेत उभे राहून शिव्या घालतात. कोणी भाजत नाही. त्या ओळींकडे बघताना मला पहिल्यांदा हा फरक जाणवला.

आणि तेव्हाच ते लक्षात आलं.

प्रोग्रॅम अडकलेला होता. मग राखणदाराला निरोप जात नसणार. मग त्याने केव्हाच चिप नव्याने सुरू करायला हवी होती आणि दिवा लुकलुकायला हवा होता. राखणदार गप्प होता. म्हणजे कोणीतरी अजूनही त्याला सांगत होतं की सगळं ठीक आहे.

मी पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत बाबांचा कोड उघडला. निरोपाची ती ओळ मुख्य फेरीत असायला हवी. तिथे नव्हती. ती चिपमधल्या घड्याळाच्या टोल्यावर टाकलेली होती, जो मुख्य प्रोग्रॅम जिवंत असो वा नसो, वाजतच राहतो. जुन्या प्रती काढून पाहिल्या. आधी ती ओळ योग्य जागी होती. मधे कधीतरी बाबांनी ती हलवली होती.

ओळी पळता पळता थांबल्या. लाल अक्षरात चूक.

"काय झालं?"

"सॉफ्टवेअर बांधणारा माझा कंपायलर जरा जास्तच नवा आहे. बारीकसारीक शंकेलाही तो चूक समजतो." शंकांकडे काणाडोळा करायची सूचना देऊन मी पुन्हा सुरुवात केली.

जिन्यावर बूट वाजले. वायरमन दारात उभा राहिला, खांद्याला पिशवी, हातात टेस्टर.

"चला, मीटर काढायचंय."

"या, या," मामा खुर्चीवरूनच म्हणाला. "जरा दम घ्या. भाची बघा, तिचं काम संपतच आलंय."

"मला पुढे दोन ठिकाणी जायचंय."

"दोनच ना? मला बघा, सकाळपासून एका खिडकीशी बांधलंय."

वायरमन हसला, पण बसला नाही. तो भिंतीवरच्या मीटरच्या बोर्डापाशी जाऊन झाकणाचे स्क्रू काढायला लागला. "मेन काढत नाही अजून. झाकण उघडून ठेवतो."

बांधणी संपली. मी सॉफ्टवेअर बसवलं. बाबांचा जोडणीचा छोटा आज्ञासंचही त्यांच्या कोडबरोबर माझ्याकडे होता. कित्येक वर्षं वापरलेला, त्यांच्या हाताच्या सवयीचा. तो जसाच्या तसा चालवायला मी बोट उचललं आणि आज त्यांचं काहीही न वाचता चालवायचं नाही, असं मनाला बजावून एकदा वाचला. तिसऱ्या ओळीवर होतं: जोडताच चिप रीसेट कर, म्हणजे पहिल्यापासून सुरू कर. नवा प्रोग्रॅम भरताना ते सोयीचं. आज घातक. ती ओळ मी खोडली.

मग प्रोबच्या वायरी. काळी, म्हणजे अर्थिंगची, आधी; बाबा नेहमी म्हणत, जमीन आधी. मग बाकीच्या. शेवटच्या पिनेला लागूनच रीसेटची पिन होती. हात ओढणीला पुसला आणि क्लिप लावली. दिवा तसाच स्थिर राहिला.

आज्ञा टाइप केली. एंटर दाबण्याआधी सहज विचारून घेतलं, तुझी आवृत्ती कोणती?

जुनी. सकाळी घेतलेली तयार आवृत्ती वाटेत आडवी उभी होती, आणि हाक मारली की तीच ओ देत होती. माझ्या बोटाखाली तीच धावली असती.

मी जुनी काढून टाकली, आवृत्ती पुन्हा विचारली. नवी. एंटर दाबलं.

चिप ओळखली. राखणदार झोपवला. चिप थांबवली.

दिवा हलला नाही.

"मामा, मिळालं," मी म्हणाले. आधी स्मरणाची सगळी नक्कल फाइलमध्ये उतरवून घेतली. मग चिप कुठे थांबली आहे तो पत्ता पाहिला आणि कोडमध्ये त्या जागी गेले. सेन्सरकडून उत्तर येईपर्यंत थांब, असं सांगणाऱ्या दोन ओळी. किती वेळ थांबायचं, ते सांगितलेलं नव्हतं. सेन्सर एकदा अडखळला, उत्तर एकदा हरवलं, की प्रोग्रॅम कायमचा कान लावून उभा. हीटर चालू असेल तर चालूच. आणि राखणदाराला टोल्यागणिक निरोप: सगळं ठीक आहे.

मामा खुर्चीवरून उतरला आणि माझ्या मागे आला. त्याला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, माझी मान कळत होती.

"दाजींची चूक आहे का?"

"हो."

तो हळूच म्हणाला, "अगं, माणूस गेला. लोक त्याचं नाव चांगलं घेतात. त्या तंत्रज्ञाने वायर म्हटलंय ना? वायर म्हणू दे. नवा प्रोग्रॅम तू गुपचूप भरून दे."

"आणि भरेपर्यंत?"

तो खिडकीकडे वळला. वायरमनचा स्क्रूड्रायव्हर थांबला होता.

"मामा, हा बोर्ड त्यांनी कशासाठी चालू ठेवला होता? वायर म्हणून मोकळं होणं त्यांनाही सोपं होतं."

मी फोन लावला. मोठ्या सिस्टर लगेच फोनवर आल्या.

"सिस्टर, बिघाड सगळ्यांत आहे. नक्की. दोन्ही बाळं आत्ता बाहेर घ्या आणि वॉर्मरचा प्लग काढा. त्यांना ऊब दुसऱ्या कशाने देता येईल?"

"आपापल्या आईच्या छातीशी देऊ. आणि गरम पाण्याच्या पिशव्या आहेत." मग त्या अडखळल्या. "ताई, डॉक्टरांना कारण सांगावं लागेल. चूक कोणाची म्हणून सांगू?"

मामा खिडकीबाहेर बघत होता.

"माझ्या वडिलांची," मी म्हणाले. "त्यांना शंका होती. त्यांनी शोधायला घेतलं होतं. दुरुस्ती करून मी स्वतः येते."

फोन त्यांनी तसाच टेबलावर ठेवला असावा. चपलांचा आवाज ऐकू आला, मग त्यांची हाक, "दोघींना उठवा गं, बाळं द्यायचीत," मग प्लग ओढल्यासारखा खटका. आणि उबेतून उचललेल्या बाळाचं रडणं, बारीक आणि संतापलेलं. नंतर दुसऱ्याचं. मी फोन कानाशी घट्ट धरून ठेवला होता. पहिलं रडणं कुठेतरी टेकल्यासारखं थांबलं. थोड्या वेळाने दुसरंही.

"काढू का आता?" वायरमनने विचारलं.

फाइल उतरली आहे ना, ते मी पुन्हा एकदा पाहिलं. होती.

"काढा," मी म्हणाले.

बल्ब विझला, मग दिवा. मामाने न बोलता एक रिकामं खोकं पुढे सरकवलं. बोर्ड अजून गरम होता. मी तो कापडात गुंडाळला आणि खोक्यात न ठेवता मांडीवर घेऊन कोड पुन्हा उघडला.