बेमुदत रजा

शंकरराव वारले. पण ती गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. त्यांच्या मुलाने, ज्ञानदीपनेही ठेवलीच होती. तर शंकरराव अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या आपल्या घरात खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते आणि आपली कापडमिल उघडायची वाट पाहत होते.

मिल बंद पडून दोन वर्षं होत आली होती. पण गेटवरच्या पाटीत ‘बंद’ हा शब्दच नव्हता. ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढंच होतं, आणि शंकररावांचा आदेशांवर भारी विश्वास. वडील महूच्या पलटणीत होते, तेव्हापासूनचा. शेवटच्या पाळीला त्यांनी आपल्या चारही मागांना ग्रीस चोपडून वर ताडपत्री घातली होती. लांबच्या बंदीआधी तसं करायचंच असतं, नाहीतर लोखंड गंजतं. माग सुरक्षित राहिले. छाती राहिली नाही. तिच्यात उभ्या नोकरीचा कापूस जाऊन बसला होता. डॉक्टरांनी ज्ञानदीपला बाहेर बोलावून सांगितलं, ही थंडी निघणं मुश्किल आहे.

त्याच आठवड्यात ज्ञानदीप दाढीला गेला. हरी न्हावी रद्दीचे चौकोन फाडून त्यांच्यावर वस्तरा पुसायचा. गिऱ्हाइकांचं वाचन त्या चौकोनांपुरतंच. ज्ञानदीपच्या वाट्याला आलेल्या चौकोनात अमेरिका होती. तिथे काही माणसं मेल्यावर जाळून घेत नाहीत. अंगातलं रक्त काढून एक द्रव भरून घेतात आणि टाकीत डोकं खाली, पाय वर असे गोठून राहतात. पुढेमागे औषध निघालं की उठायचं. आजवर किती जण उठले, ते शेजारच्या चौकोनात होतं, आणि तो एका ठाकूरसाहेबांच्या हनुवटीचा फेस घेऊन नालीत गेला होता.

“विज्ञानाचं असंच आहे भिया,” हरी म्हणाला. “ऐन मौक्यावर फेस.”

ज्ञानदीपने घरी ही गंमत म्हणून सांगितली. शंकरराव हसले नाहीत. द्रव कशासाठी भरतात, एवढंच त्यांनी विचारलं. बर्फाने आतलं काही फुटू नये म्हणून, ज्ञानदीप म्हणाला.

“म्हणजे ग्रीस,” शंकरराव म्हणाले. अमेरिकेबद्दलचं त्यांचं मत त्या दिवशी सुधारलं.

त्यांच्या बायकोचं, कौसल्याबाईंचं, पोळ्या लाटता लाटता म्हणणं पडलं की, विहारात सगळं अनित्य आहे म्हटल्यावर मान डोलवायची आणि घरी येऊन बर्फात बसायचा बेत करायचा, हे काही बरोबर नाही. शंकररावांना ते पटलं. तरी चौकशी करायला काय हरकत आहे, असंही त्यांना वाटलं. मिल उघडली आणि आपणच नसलो, एवढीच त्यांची भीती होती.

म्हणून ज्ञानदीप खरंच सायकल मारत राऊ गावच्या बर्फखान्यात गेला. मालक सज्जन निघाला. त्याने वेड्यात काढलं नाही, फक्त बिजलीचा भरोसा नाही म्हणाला.

परतताना महू रोडवर एका भंगारवाल्याच्या आवारात त्याला माग दिसले. वडिलांच्या मिलचे, ओळीने, आभाळाखाली. बहुतेकांना गंज चढला होता. चार तेवढे काळेभोर चमकत होते. त्याने एकाला बोट लावलं, तर बोटाला ग्रीस आलं. भंगारवाला कौतुकाने म्हणाला, इतका जपलेला माल हल्ली येत नाही, तोडायला जीव होत नाही. आणि माणसांना तोडायला सांगून तो चहाला गेला.

“काय म्हणाला बर्फवाला?” शंकररावांनी विचारलं.

“ठेवतो म्हणाला, बाबा.”

शंकररावांनी त्याचा हात हातात घेतला, बोट नाकाशी नेलं. ज्ञानदीपने न विचारताच सायकलची चेन उतरल्याचं सांगितलं. त्यांनी ते बोट आपल्या धोतराला पुसलं, बराच वेळ, निगुतीने, आणि चेनबद्दल काहीच विचारलं नाही.

“कागद घे,” ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं, ज्ञानदीपने लिहून घेतलं. आणि थंडी संपायच्या आत एका सकाळी, अंत्ययात्रेचे पांढरे कपडे अंगावर असतानाच, त्याने तो कागद मिलच्या गेटच्या फटीतून आत सरकवला.

‘मा. व्यवस्थापक साहेब यांस, सविनय विनंती की, अर्जदार प्रकृतीच्या कारणास्तव बेमुदत रजेवर जात आहे. दरम्यान त्याच्या चार मागांवर बदली कामगार लावण्यास हरकत नाही. मात्र अर्जदार हजर होईपर्यंत सदर बदली कामगारास कायम करण्यात येऊ नये.’