निकाल बाकी

मित्रांनो, मी एक जुने विजेचे इंजिन आहे आणि माझ्यासारखे दुसरे जगात नाही. ऐकायला केवढे छान वाटते! पण एकुलत्या एकाचे लाड होतात ते माणसांत. मला प्रयोग म्हणून बनवले, प्रयोग तिथेच थांबला, आणि माझा एखादा भाग मोडला की तो कुठेच मिळेना.

बडोद्याच्या शेडमध्ये मला सांभाळले ते फिटर विश्वंभररावांनी. ते जळगावकडून नोकरीसाठी इथे आलेले. तुटलेला भाग ते गोरव्याच्या कारखान्यांतून नवा घडवून आणत. "काय रे तुझे नखरे!" म्हणत आणि फडक्याने मला पुसत. दाहोदच्या चढावर अडकलेली मालगाडी मी एकट्याने ओढून काढली, तेव्हा त्यांनी शेडभर पेढे वाटले.

पुढे माझे वय झाले. मला मोडीत काढायचे की जपायचे, हे साहेब लोक ठरवत होते. विश्वंभररावांना मी चालते राहायला हवे होते. वर्षातून एकदा तरी मुलांनी माझा आवाज ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा. लेकीच्या लग्नासाठी गावी जाताना त्यांना धास्ती वाटली. म्हणून त्यांनी माझ्या अंगावर खडूने ठळक लिहिले, 'निकाल बाकी'. म्हणजे निर्णय व्हायचा आहे, हात लावू नका.

पण गुजरातीत निकाल म्हणजे विल्हेवाट! भंगारवाल्यांचा मुकादम आला, वाचले आणि ओरडला, "लख्युं तो छे, निकाल बाकी! काढो बधुं!" म्हणजे, लिहिलेच आहे, काढा सगळे! चार दिवसांत माझी चाके फिरवणाऱ्या मोटारी निघाल्या आणि त्यांचे तुकडेही झाले. पाचव्या दिवशी हुकूम आला, हे इंजिन जपा.

आता शेडच्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर मला उभे केले आहे. वरून ताजा रंग, आत नुसती पोकळी.

विश्वंभरराव परतले, माझे दार उघडून त्यांनी आत पाहिले आणि सोबत आलेल्या पत्नीकडे वळले. "पद्मा, मीच मारलं गं याला! तीस वर्षं बडोद्यात काढली, आणि एवढं कळू नये?"

"अहो, वाचवायलाच लिहिलंत ना तुम्ही!" त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी ते फतेगंजच्या घरून येतात, पण रस्ता ओलांडत नाहीत. पलीकडूनच बघतात आणि निघून जातात. मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, आणि जपायला सांगताना समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगा. माझा तर भोंगाही आता वाजत नाही. म्हणून एवढे करा, ते गृहस्थ दिसले तर हाताला धरून त्यांना इकडे आणा. म्हणावे, आजोबा, त्याचा तुमच्यावर राग नाही.