चिमुटचा श्वास

ती वायरमन होती. चालू लाइनवर काम करतानाही तिचा हात कधी कापत नाही, असं तिच्याबरोबरचे लोक सांगत. आज तीच बाई नवजात विभागाच्या दाराशी कोपरापर्यंत हात धुऊन उभी होती आणि आत जायला तिचं पाऊल उचलत नव्हतं.

मुलगी दोन महिने आधीच जन्मली. वजन दीड किलोही नव्हतं. काचेच्या पेटीत तिला पहिल्यांदा पाहून बाप म्हणाला, "अरे, ही तर एवढीशी चिमुट!" तेच नाव चिकटलं. तीन आठवडे तिला नाकातल्या नळीतून दूध मिळत होतं. आई दर तीन तासांनी पंपाने दूध काढायची. पहिल्या दिवशी जेमतेम अर्धा चमचा पिवळसर चीक निघाला, तोही मोठ्या सिस्टरांनी थेंबन् थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतला होता.

काल चिमुटला पहिल्यांदा अंगावर पाजायला घेतलं. चार घोट तिने झोकात ओढले आणि एकदम थांबली. ओठ निळे पडले. मशीन कोकलायला लागलं. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णववरून अडुसष्टवर घसरला. सिस्टरांनी झटकन तिला उचलून पाठ चोळली, तेव्हा कुठे ती रडली.

"लवकर आलेली लेकरं पिताना श्वास घ्यायला विसरतात," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही कामं एकदम जमत नाहीत अजून."

आईला ऐकू आलं ते एवढंच, की माझ्या दुधानेच ती गेली असती.

म्हणून आज तिने काढलेल्या दुधाची बाटली नवऱ्याच्या हातात दिली. "तू ने आत. नळीनेच देऊ देत. मी नाही येणार."

"अगं, पण..."

"नाही म्हटलं ना!"

बाकावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्याला पाजता आलं असतं, तर तुला कशाला उठवलं असतं?" कुणी हसलं नाही. मग त्या खाली बघत बोलल्या, "ह्याच्या आधी मला एक झाला होता. आठ दिवस होता. काही होईल या भीतीने मी त्याला हातच लावला नाही. डॉक्टर म्हणाले, तसाही वाचला नसता. पण त्याचं अंग हाताला कसं लागायचं, ते मला माहीत नाही, पोरी."

नवरा आपल्या आईकडे बघतच राहिला. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

ती आत गेली.

"पडद्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा," चिमुटला तिच्या कुशीत ठेवत सिस्टर म्हणाल्या. "दोन-तीन घोट झाले, की नाकपुडी हलली पाहिजे. नाही हलली, तर तुम्हीच तिला बाजूला करायचं. मी इथेच आहे."

चिमुट ओढायला लागली. एक घोट. दोन. नाकपुडी हलली. पुन्हा एक, दोन, तीन, चार. नाकपुडी हलली नाही.

तिने करंगळी चिमुटच्या ओठांच्या कोपऱ्यात घालून तोंड सोडवलं, तिला बसतं केलं आणि पाठ चोळू लागली. "घे गं, श्वास घे, माझे आई..." चिमुटच्या छातीत एक उचकी आली. मग श्वास. मशीन वाजायच्या आत.

"बरोबर केलंत," सिस्टर म्हणाल्या.

चिमुट तोंड उघडून पुन्हा शोधायला लागली होती. आईने तिला पुन्हा पाजायला घेतलं.

त्यानंतर एकोणीस दिवस ते तिथे होते. आणखी दोनदा चिमुटचे ओठ निळे झाले. मग आठ दिवस काहीच झालं नाही आणि डॉक्टरांनी घरी सोडलं.

घरी पहिल्यांदा पाजायला बसली, तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "इथे मशीन नाही गं."

"गप्प बस," ती म्हणाली. "मला तिचा श्वास ऐकू दे."