पन्नास सभासदांची यादी

अमेरिकेतल्या टॅमरॅक बेंड गावच्या नगर परिषदेला माजी सैनिकांचा भारी पुळका. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत त्यांना पहिल्या गाडीत बसवतील, शाळेतल्या पोरांनी रंगवलेली कार्डं घरी पाठवतील, आणि दारूच्या परवान्याची फी ठरवायची वेळ आली की त्याच म्हाताऱ्यांना नाक मुठीत धरून दारात उभं करतील. व्हर्लिन हॉगस्टॅडला यात नवं काही नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांचा हा गडी एकतीस वर्षं सैनिक क्लबाचा चिटणीस होता, आणि तेवढ्याच वेळा मे महिन्यात तो नगरभवनात टोपी हातात घेऊन उभा राहिला होता.

यंदाचा ठराव मात्र वेगळा होता. क्लबाला परवाना तीनशे डॉलरला, पण क्लब म्हणायचं कोणाला? ज्याचे निदान पन्नास सभासद आहेत त्याला. एक जरी कमी भरला तरी तुम्ही साधा बार, आणि साध्या बारची फी बत्तीसशे. शुक्रवारची तळलेली मासळी आणि शनिवारी मटणाच्या पाकिटांची सोडत, यावर क्लबाचं छप्पर गळायचं थांबलं तरी नशीब. बत्तीसशे कुठून आणणार? बार बंद म्हणजे क्लब बंद. मग रोज दुपारी तीनला येऊन आपापल्या स्टुलावर बसणारे ते अकरा जण घरी टीव्हीसमोर बसणार, आणि वर्षा-दोन वर्षांत एकेक करून जाणार. कोणाच्या मागे कोण जाईल तेसुद्धा व्हर्लिनला सांगता आलं असतं.

जिवंत सभासद होते त्रेचाळीस.

यादीत मात्र पन्नास होते. क्लबाची रीतच तशी होती. माणूस मेला म्हणून त्याचं नाव लगेच खोडायचं नाही. जोवर घरचं कोणी, नाहीतर जुना सोबती, त्याची वर्गणी भरतोय तोवर ते राहायचं. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दफनभूमीत व्हर्लिन ती यादी वाची. जिवंत माणूस पहिल्या हाकेला ‘हजर’ म्हणे. मेलेल्याला तीन हाका. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही की मानवंदनेच्या बंदुका झाडायच्या.

“फॉर्मवर ‘जिवंत सभासद’ असं कुठं लिहिलंय, दाखव मला,” परिषदेच्या सभेच्या दिवशी दुपारी क्लबाच्या बारपाशी व्हर्लिन म्हणाला.

“लिहिलेलं नाही रे, पण कुणी विचारलं तर?” गॉर्डी प्लोगर म्हणाला. हा त्याचा जुना दोस्त. गुडघे गेले होते, तोंड शाबूत होतं.

“कोण विचारणार? महापौर दर शुक्रवारी इथं बसून मासळी हाणतो. त्याला काय माहीत नाही?”

“तो नाही विचारायचा. परिषदेतली ती ओस्बीबाई विचारेल.”

“विचारू दे. मेलेल्या सातांतले सहा जण तर वीस वर्षांपूर्वीच ॲरिझोना-फ्लोरिडाला गेलेत. तिला काय कळणार कोण मेलंय नि कोण गोल्फ खेळतंय?”

“आणि सातवा?”

व्हर्लिनने बारच्या टोकाकडे पाहिलं. सातवा डेल्मर वेसमन. दोघं युद्धात एकाच नदीत एकाच गस्तीच्या होडीवर होते, एकोणिसाव्या वर्षी. गेल्या ऑक्टोबरात टेक्ससला लेकीच्या घरी तो वारला. त्याची बायको लव्हॉन नाताळानंतर एकटीच परत आली, आणि आत्ताही बारच्या टोकाला आल्याचं सोडापाणी घेऊन बसली होती. तिच्यादेखत तो हिशेब करायला व्हर्लिनची जीभ रेटेना.

“यादी वाचायला सांगितली तर एका दमात वाच आणि खाली बस,” गॉर्डी हळूच म्हणाला. “भाषण ठोकू नकोस, लेका.”

सभा सहाला सुरू झाली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत महापौर कोपेकी घाईत होते.

“क्लबाचा अर्ज आलेला आहे, सभासद पन्नास, चिटणिसांची सही आहे,” ते म्हणाले. “मला वाटतं यात बोलण्यासारखं काही नाही. मत घेऊ या?”

“एक मिनिट,” ब्रिट ओस्बी म्हणाली. नदीकाठी नवी बिअरची भट्टी आणि खानावळ तिचीच. पूर्ण फी भरते, हे ती कोणाला विसरू देत नसे. “सैनिकांबद्दल मला नितांत आदर आहे. पण पन्नास? मी कधीही खिडकीतून बघते तर दहा-बारा डोकी असतात. यादी वाचून दाखवली तर हरकत नसावी ना, मिस्टर हॉगस्टॅड?”

“माझी कसली हरकत?” व्हर्लिन म्हणाला आणि उभा राहिला.

महापौर छताकडे बघत बसले. उरलेल्यांनी कागदांत डोकी घातली. त्या खोलीत निम्म्यांना तरी ठाऊक होतं, आणि सगळे मूग गिळून होते. कितीही बाता मारल्या तरी म्हाताऱ्यांचा क्लब आपल्या हातून बंद पडावा असं त्यांनाही वाटत नव्हतं. फक्त ते तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती.

व्हर्लिन वाचत गेला. आडनाव, मग नाव. पहिला मेलेला आला, दुसरा आला, तो पुढे सरकला. आवाज कुठे अडखळला नाही. सहावा गेला तेव्हा ओस्बीबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. पानावर दोनच ओळी उरल्या होत्या.

“वेसमन, डेल्मर.”

आणि तो थांबला. थांबायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. होडीवरचं ते नाव तोंडातून बाहेर पडलं, आणि एकतीस वर्षांची सवय त्याच्या आधी उभी राहिली.

“वेसमन, डेल्मर,” तो पुन्हा म्हणाला, थोडा मोठ्याने.

महापौरांनी डोळे मिटले.

“डेल्मर वेसमन!”

तिसरी हाक भिंतीवर आपटली तेव्हा कुठे व्हर्लिनला आपण काय केलं ते कळलं. दारापाशी बसलेला म्हातारा शेरीफ सवयीने उठून उभा राहिला होता, टोपी छातीशी धरून. गावात मेच्या त्या सोमवारी दफनभूमीत न गेलेला एकही माणूस नव्हता, ओस्बीबाईसुद्धा गेली होती. आता डोळेझाक करायला कोणाला जागाच उरली नाही.

“यादीत असे किती आहेत?” तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं.

“सात,” व्हर्लिन म्हणाला. खोटं बोलता आलं असतं. डेल्मरला हाक मारून झाल्यावर त्याला ते जमेना.

अर्ज फेटाळला गेला, पाच विरुद्ध शून्य. महापौरांनीही हात वर केला. मग घसा साफ करून ते म्हणाले, “बसण्याआधी, व्हर्लिनच्या देशसेवेबद्दल...” आणि सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. पहिल्यांदा कोणी थांबायचं हे न कळल्याने बराच वेळ वाजवत राहिले. एवढी किळस त्याच्या वाट्याला युद्धातही क्वचित आली होती.

क्लबात सगळे वाट बघत होते. त्याने दारातच सांगून टाकलं, सगळं, हाकांसकट.

“तीनदा?” गॉर्डी ओरडला. “अरे गाढवा, एकदा म्हणून बसला असतास! एका मेलेल्या माणसापायी त्रेचाळीस जिवंत रस्त्यावर आणलेस!”

“गॉर्डी,” बारमागून मार्लिस म्हणाली आणि तिने लव्हॉनकडे मान वळवली.

लव्हॉन स्टुलावरून उतरून आली. आता ती आपल्या गळ्यात पडेल, असं व्हर्लिनला क्षणभर वाटलं. ते नाव एकदाच उच्चारून पुढे जाणं सगळ्या गावात त्याला एकट्यालाच जमलं नव्हतं, आणि हे तिला तरी कळेल.

“जानेवारीत मी वर्गणी दिली,” ती म्हणाली. “तू म्हणालास, त्याचं नाव माझ्या हयातीत खोडणार नाही. मी गाडीत बसून रडले होते, व्हर्लिन.”

“लव्हॉन, मी...”

“त्याला नेलंस कशाला तिथं?”

“पन्नास भरत नव्हते.”

“म्हणजे मोजायला नेलंस.”

टाळ्या वाजवणाऱ्यांनीही तेच केलं होतं, गरजेपुरतं माणसाला उभं केलं होतं. पण ते त्याला तोंडाने म्हणता येईना.

“काढ ती यादी,” लव्हॉन म्हणाली. “खोड त्याचं नाव. आत्ता, माझ्यासमोर.”

त्याने खिशातून कागद काढून बारवर पसरला. मार्लिसने पेन पुढे केलं. त्याची पहिली रेघ वाकडी गेली, नाव अजून वाचता येत होतं. लव्हॉनने दुसरी रेघ पुरी होईपर्यंत नजर हलवली नाही. मग तिने आपली पर्स उचलली आणि ती घरी गेली.