प्रदर्शन लग्नाला गेलं

रायपूर राजधानी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. रस्ते खोदलेले, पाट्या नव्या कोऱ्या, मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. शहराला अचानक सगळंच करून दाखवायचं होतं. त्या उत्साहात काही हौशी आणि काही निवृत्त मंडळींनी मिळून नगर वारसा समिती काढली, आणि तिच्या कार्यक्रमांची आखणी करायला वर्ध्याच्या सुनेत्रा देशकरला नोकरी मिळाली.

समितीचे सचिव अच्युत मुळे. जन्म रायपूरचा, घराणं मूळचं अमरावतीकडचं. उभी हयात रेल्वेत वेळापत्रकं करण्यात गेलेली, त्यामुळे कुठलाही कार्यक्रम गाडीसारखा फलाटावर वेळेत लागावा एवढीच त्यांची अपेक्षा असायची. पहिला कार्यक्रम त्यांनीच ठरवला. पुरानी बस्तीतल्या घराघरांतून जुन्या वस्तू मागून आणायच्या आणि धर्मशाळेच्या मोठ्या खोलीत त्यांचं प्रदर्शन मांडायचं. काचेची कपाटं त्यांनी आधीच करून घेतली होती. आत ठेवायला काय मिळणार, ते सुनेत्राने बघायचं होतं.

सुनेत्रा त्याच वस्तीत, धर्मशाळेच्या समोर, वनमाला बोरकरांच्या माडीवर भाड्याने राहायची. वनमालामावशी तुमसरची. लग्न करून रायपूरला आल्या त्याला चाळीसेक वर्षं झालेली. यजमान रेल्वेत होते, आता हयात नव्हते. मावशींचं मराठी तुमसरहून निघून वाटेत छत्तीसगढी आणि हिंदी घेत घेत इथवर आलेलं होतं, आणि वस्तीतलं असं एकही घर नव्हतं जिथे त्या न विचारता स्वयंपाकघरात शिरत नसत.

पहिल्या दिवशी सुनेत्रा एकटीच वही घेऊन निघाली. दारोदार जाऊन हिंदीत विचारत होती, "काही जुनी वस्तू आहे का?" एका घरातून बंद पडलेला रेडिओ आला, दुसऱ्या घरातून पाय मोडलेली खुर्ची. तिसऱ्या घरातल्या म्हातारीने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत जाऊन रद्दीचा गठ्ठा आणला. "पेपर घलो हे, ले जाबे?" पेपरही आहेत, नेशील का, असं ती अगदी मायेने विचारत होती.

संध्याकाळी सुनेत्राने हे सांगितलं तेव्हा मावशींना हसू आवरेना.

"तू जुनं काहून मागून राहिली वं? जुनं म्हटलं का लोक भंगार काढतात. अशी विचार ना, का बाई, तुमच्या घरातलं कोणतं भांडं तुम्ही कोणालेच उसनं देत नाही?"

दुसऱ्या दिवशी मावशी सोबत आल्या आणि तोच प्रश्न त्यांनी विचारला. मग मात्र माळे धडाधड उघडले. हंडे निघाले, भात शिजवायच्या बटलोया निघाल्या. धान मोजायचा लाकडी काठा निघाला, एका घरातून मांदर नावाचा ढोल निघाला. गल्लीच्या वळणावरच्या सत्यभामा देवांगनने आपल्या सासूचं कोपर बाहेर काढलं. कोपर म्हणजे काठाची भली मोठी पितळी परात, दोघींनी दोन बाजूंनी धरावी लागेल एवढी. सोबत फूलकांसेची एक थाळी. काशाची ती थाळी नखाने वाजवली तरी बराच वेळ गुणगुणत राहायची. "आठवड्याभरासाठीच देते हं," सत्यभामाने बजावलं. तिच्या मुलीचं, रमाचं, लग्न तोंडावर आलं होतं. सुनेत्रालाही त्याचं आवतण होतं.

वस्तू कपाटांत लागल्या, सुनेत्राने प्रत्येकीपुढे चिठ्ठी ठेवली, आणि दुपारीच सत्यभामा आपलं कोपर बघायला आली. तिने चिठ्ठी वाचली. 'पीतल का कोपर, पुराना.' तिचा चेहरा पडला.

"पितळेचं आहे ते तर सगळ्यांना दिसतंच," ती छत्तीसगढीत म्हणाली. "कुणाचं आहे, ते कुठे लिहिलंयस?"

सुनेत्राला ते पटलं. तिने सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि नव्याने लिहायला घेतल्या. पण नाव लिहायचं तर हकिगत आली, आणि हकिगत आली की तिच्यावर वाद आला. एका हंड्यावरून तर दोन जावांचं भांडण जुंपलं, की तो आणला कुणाच्या माहेरून. रोज दुपारी बायका आपापल्या भांड्यापाशी येऊन बसू लागल्या. कुणी शिवण आणलं, कुणी चिंच सोलायला आणली. मुळेसाहेब दारात येऊन कासावीस व्हायचे.

"सुनेत्राजी, अहो, अजून उद्घाटन झालेलं नाही! ह्या सगळ्या आत कशा?"

"साहेब, बघायला आल्यात. वस्तू त्यांच्याच आहेत."

"पण तारीख छापली आहे ना आपण!"

ती तारीख म्हणजे अक्षय तृतीया, सकाळी दहा. शुभ दिवस म्हणून साहेबांनी निवडलेली. सुनेत्राच्या घरी वर्ध्याला त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात आणि आमरस करतात, एवढंच तिला ठाऊक होतं. छत्तीसगढात अक्षय तृतीयेला अक्ती म्हणतात आणि मुहूर्त न बघता त्या दिवशी गावोगाव लग्नं लागतात, हे साहेबांना चांगलं माहीत होतं. पण त्यांचा हिशेब सोपा होता. वराती दुपारनंतर येणार, आपलं उद्घाटन सकाळी. दोन गाड्या, दोन वेगळ्या वेळा. उद्घाटनाला त्यांनी भोपाळच्या संग्रहालयातल्या शर्मिष्ठा दत्त यांना बोलावलं होतं. जुन्या राज्याच्या राजधानीतून कुणीतरी येऊन नव्या राजधानीचं काम बघावं, याचं साहेबांना फार अप्रूप होतं.

अक्तीच्या सकाळी सुनेत्रा नवी साडी नेसून धर्मशाळेत गेली. कुलूप उघडंच होतं. दाराला लाल फीत बांधलेली होती, ती वाकून आत शिरली, आणि तिथेच उभी राहिली.

कपाटं रिकामी होती. सगळीच्या सगळी. काचा पुसलेल्या, चिठ्ठ्या जागच्या जागी, आणि चिठ्ठ्यांपुढे काहीही नाही. कोपऱ्यात एकटा मांदर तेवढा उरला होता.

ती धावतच समोरच्या घरी गेली. मावशी अंगणात वेणी घालत बसल्या होत्या.

"मावशी, चोरी झाली! किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

"चोरी कायची? मीच उघडून देलं ना. पहाटे सत्यभामा आली, मंग तिच्यामागं बाकीच्या आल्या." मावशींनी वेणीचा शेवट बांधला. "अक्ती आहे माय आज. आपल्या पाऱ्यात, याच गल्लीत, पोरीचं लग्न, अन् भांडे काय कपाटात बसतीन? मले वाटलं तुले माहीत आहे. तुले आवतण आहे ना?"

सुनेत्रा पायरीवर बसली. तिला रडावं की काय करावं कळेना. आवतण होतं, पण ते तिने संध्याकाळच्या जेवणाचं धरलं होतं. सबंध गल्लीची भांडी एकेका लग्नाला लागतात, हे तिला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात मुळेसाहेब आले. कोट घातलेला, हातात फीत कापायची मोठी कात्री. त्यांनी आत डोकावलं आणि भिंतीला हात टेकला.

"शर्मिष्ठाजी स्टेशनवरून निघाल्यात," ते खोल आवाजात म्हणाले. मग एकदम सावरून, "असं करू. पंडरीच्या कापडबाजारातून लाल मखमल मागवतो. सगळी कपाटं झाकून टाकू. सांगू, की अनावरण पुढल्या टप्प्यात आहे."

"साहेब, पंडरीत आज कोण दुकान सोडून कापड मोजून देईल? सगळी लग्नाची गर्दी असेल. मी आधी सत्यभामाबाईंकडे जाऊन येते. चार भांडी तरी मागते."

सत्यभामाच्या अंगणात हिरवा मांडव पडला होता. सुनेत्रा आत शिरली आणि तिला आपलं प्रदर्शन दिसलं. हंड्यांत पाणी भरलेलं. बटलोईत भात रटरटत होता. धानाच्या काठ्यात तांदूळ भरून त्यावर दिवा ठेवलेला. ज्या दोन जावांचं हंड्यावरून भांडण झालं होतं त्या दोघी मिळून तोच हंडा उचलत होत्या. आणि मधोमध त्या कोपरात हळद कालवली जात होती, चार बायकांचे हात एकाच वेळी तिच्यात, आणि रमा पाटावर बसून पिवळी होत होती.

सत्यभामाने तिचा चेहरा पाहिला आणि हळदीच्या हातानेच कपाळ झाकलं. "हाय दाई! आज तुझा कार्यक्रम होता ना!" ती गडबडली. "हव, ने. काय हवं ते ने. भात दुसऱ्यात ओतते. ए, हळद काढा गं यातली!"

एक बाई खरोखरच कोपर रिकामं करायला उठली. सुनेत्राने तिचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "असू द्या." आणि मग, आपण काय बोलतोय याचा पुरता विचार न करताच, "मीच पाहुण्यांना इथे घेऊन आले तर चालेल?"

"विचारायचं काय त्यात? लग्नाला आलेल्याला कोण नाही म्हणतं?"

ती परत पोचली तेव्हा शर्मिष्ठा दत्त धर्मशाळेच्या दारात उभ्या होत्या. सुती साडी, पांढरे केस, गळ्यात चष्मा. मुळेसाहेब त्यांना रायपूरच्या हवामानाची सविस्तर माहिती देत होते. सुनेत्राने सरळच सांगून टाकलं.

"मॅडम, प्रदर्शन इथे नाही. गल्लीत एक लग्न आहे, वस्तू तिथे कामाला गेल्यात. तुम्ही चालाल का?"

साहेबांनी डोळे मिटले. शर्मिष्ठाबाईंनी रिकाम्या कपाटांकडे बघितलं, एक चिठ्ठी चष्म्याखाली धरून वाचली, मग दुसरी वाचली.

"ह्या चिठ्ठ्या बरोबर घ्या," त्या हिंदीत म्हणाल्या. "आणि चला लवकर. हळद संपायच्या आत."

वरात अभनपुरहून यायची होती आणि तिला अवकाश होता. वराकडच्यांची टिंगल करणारी भडौनी गाणी बायकांनी महिनाभर घोटून ठेवलेली, आणि गळे मोकळे करायला अजून कुणी सापडलं नव्हतं. अशा वेळी मांडवात कोट घातलेले, कपाळापासून मानेपर्यंत गुळगुळीत टक्कल असलेले मुळेसाहेब हातात कात्री घेऊन शिरले. गडबडीत ती खाली ठेवायची राहून गेली होती. मागून एका बाईचा आवाज उठला आणि बाकीच्यांनी तो उचलला,

"कैंची धर के आए हे समधी, मूड़ म नइ हे बाल!"

कात्री घेऊन आलाय व्याही, डोक्यावर नाही केस. साहेबांना छत्तीसगढी पक्की येत होती. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, मग डोक्यावरून हात फिरवला. कान लाल झाले. आणि साहेबांनी, रेल्वेत कुणी कधी पाहिलं नसेल असं, कात्री उंच धरून कमरेत वाकून व्याह्यासारखा रामराम केला. मांडव हसून हसून लोळला. त्यांच्या दोन्ही गालांना हळद लागली, कोटाच्या कॉलरलाही लागली.

शर्मिष्ठाबाई तोवर जमिनीवर बसल्या होत्या. त्या भांड्यांबद्दल विचारायच्या आणि एकीला विचारलं की चौघी उत्तरं द्यायच्या. सुनेत्रा चिठ्ठ्या बघून खाडाखोड करत होती. हंड्याच्या चिठ्ठीवर तिने दोन्ही जावांची माहेरं लिहून टाकली, आणि दोघींनी ती एकमेकींना वाचून दाखवली.

दुपारी वरात आली. शर्मिष्ठाबाई जेवायला थांबल्या, मग टिकावनालाही थांबल्या. टिकावन म्हणजे वधूवरांना टिळा लावून भेटी द्यायचा विधी. तिथे सत्यभामाने ती फूलकांसेची थाळी पदराने पुसली आणि मुलीच्या पुढ्यात ठेवली. आपल्या सासूच्या लग्नात आलेली, मग आपल्याला मिळालेली, आता रमाची.

मुळेसाहेब सुनेत्राच्या कानाशी लागले. "ती तर आपल्या यादीतली आहे. परत कधी येणार?"

"परत कशाला येईल साहेब? सासरी चालली ती."

साहेबांनी मग खिशातून पेन काढून थाळीची चिठ्ठी मागून घेतली आणि सत्यभामाच्या नावाखाली सुबक अक्षरांत 'रमा, अभनपुर' असं लिहिलं. चिठ्ठी त्यांनी स्वतः जाऊन नवरीच्या हातात दिली.

निघताना शर्मिष्ठाबाई सुनेत्राला म्हणाल्या, "आमच्याकडे भोपाळला असली भांडी खूप आहेत. काचेत. मी रोज त्यांच्यावरून जाते, पण त्यांना आवाज असतो हे आज कळलं. पुढे काय करणार आहात?"

काय करायचं ते सुनेत्राला दुपारीच दिसलं होतं. वस्तू घरातच राहू द्यायच्या, माणसांनी घरोघर जायचं. दर रविवारी एक गल्ली. ज्याच्या घरी जाल तो आपलं भांडं, आपलं गाणं, आपली हकिगत दाखवील. तिने हे तिथल्या तिथे सांगितलं. साहेबांनी लगेच विचारलं, प्रत्येक घराला किती मिनिटं, आणि मग स्वतःच हात हलवून तो प्रश्न उडवून लावला.

संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर बसून तिघं पहिल्या रविवारचा मार्ग ठरवू लागले. ही बातमी गल्लीत कशी पसरली कोण जाणे. आधी एक जाऊ आली, सुरुवात आमच्यापासून करा म्हणाली. मग दुसरी आली, म्हणाली घर एकच असलं तरी दारं दोन आहेत, माझ्या दारातून आत या. मांदरवाले काका आले आणि आमच्या वस्तूला लग्नातसुद्धा कुणी नेलं नाही म्हणून रुसून बसले. त्यांची समजूत काढेपर्यंत रद्दीवाली म्हातारी काठी टेकत पोचली.

मावशींनी पदर खोचला. "ऐका वं साऱ्या. पयलं घर माझं. चहा मीच पाजून राहिली ना तुमाले!"

त्यावर जो गलका उठला त्यात साहेबांचा आवाज बुडून गेला. सुनेत्राने वही मिटली. आज काही ठरणार नव्हतं. ती चहा गाळायला मावशींच्या स्वयंपाकघरात गेली, कुणालाही न विचारता.