बोटांनी विझवलेला दिवा

सातवा बल्ब उडाला तेव्हा मेस्त्री गाजर चिरत होते. टिक् असा आवाज झाला आणि भर दुपारी ओट्यावर अंधार पसरला. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. वरच्या कपाटाखालचा तो इवलासा दिवा नसला, की मेस्त्रींच्या अधू डोळ्यांना गाजर कुठलं आणि बोट कुठलं तेच कळत नसे. अंगठ्यावरची पट्टी त्याची साक्ष देत होती.

आणि आज चार वाजता लेक येणार होती. मागच्या खेपेला ती पट्टी पाहून तिने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, पुढच्या वेळी ओट्यावर उजेड दिसला नाही, तर बॅग भरायची. माझ्याकडे राहायचं. कुरकुर चालणार नाही."

लेकीचं घर चांगलं होतं. पण मेस्त्रींनी चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त केली होती, आणि अजूनही कुणाचं तरी अडलेलं मशीन त्यांच्या टेबलावर येऊन पडत असे. तिकडे गेलं की नुसतं जेवायचं आणि झोपायचं.

त्यांनी वायरमनला पुन्हा बोलावलं. त्या बिचाऱ्याने आधीच दिव्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर बदलला होता, होल्डरही बदलला होता. मीटर लावून तो म्हणाला, "बारा व्होल्ट. अगदी बरोबर. मेस्त्री, तुम्ही बल्ब खाता की काय?"

"दात कुठे आहेत खायला?"

"हा शेवटचा बल्ब. तुम्हीच लावा. मी नुसता बघतो."

मेस्त्रींनी बल्ब हातात घेतला. नजर अधू झाल्यापासून त्यांचे डोळे बोटांत उतरले होते. सुईचं टोक बोथट झालंय का, हे ते बोट फिरवून सांगत. तसाच त्यांनी बल्ब चिमटीत गोल फिरवला, काचेवरून अंगठा फिरवला, मग पिना चाचपल्या.

"थांबा," वायरमन हळूच म्हणाला. "प्रत्येक वेळी असंच करता? हाताला काय लागलंय?"

मेस्त्रींनी बोटं नाकाशी नेली. "मशीनचं तेल." साबणाने धुऊनही ते कधी पुरतं निघालंच नव्हतं.

"या हॅलोजन बल्बची काच भयंकर तापते. तेलाचं बोट लागतं तिथे ती आणखी तापते, आणि तिथेच कच्ची पडते."

मेस्त्री स्टुलावर बसले. "म्हणजे सगळे मीच मारले. हात फिरवून फिरवून."

"स्पिरिटने पुसा आणि कोरड्या फडक्यात धरून बसवा. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या जातीचा दिवा आणतो, त्याला हात लागला तरी चालतो. आत्ता मी बसवून देऊ?"

"नको. उद्या गेला तर कोण बसवणार, हे लेक आधी विचारेल."

वायरमन गेला. मेस्त्रींनी मशीन पुसायच्या स्पिरिटने काच पुसली, बल्ब फडक्यात गुंडाळला आणि कपाटाखाली हात घातला. दोन बारीक पिना, दोन बारीक भोकं. फडक्यातून काहीच लागेना. बोटांच्या डोळ्यांवर कुणी पट्टी बांधल्यासारखं झालं. एकदा घसरला, दोनदा घसरला. कपाळावर घाम आला. दारावरची बेल वाजली.

मेस्त्रींनी दार उघडलं. लेकीने आत येऊन अंधारा ओटा पाहिला. "बाबा, बॅग कुठे आहे?"

"पाच मिनिटं दे," म्हणत मेस्त्रींनी पुन्हा कपाटाखाली हात घातला.

तेवढ्यात बल्ब फडक्यातून सुटला आणि ओट्यावरून कडेकडे घरंगळला. लेकीने झडप घालून तो मुठीत पकडला. "मिळाला," ती म्हणाली.

मेस्त्रींनी स्पिरिटची बाटली तिच्यापुढे सरकवली. "तुझं बोट लागलं त्याला. पूस. काचेला हात न लावता."

"मीच लावते की."

"तू फक्त पूस."

तिने पुसून बल्ब फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. या वेळी मेस्त्रींनी डोळे मिटले. घाई सोडली. एक पीन टेकवली, दुसरी येईपर्यंत बल्ब हळूहळू फिरवत राहिले. आत काहीतरी रुतलं.

"बटण दाब," ते म्हणाले.

ओटा उजळला. अर्धं चिरलेलं गाजर, सुरी, सगळं जागच्या जागी दिसलं. दोघंही दिव्याकडे बघत उभी राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. टिक् काही झालं नाही.

"आणि रात्री गेला तर?" लेकीने विचारलं.

"तर रात्री गाजर चिरणार नाही."

ती हसली नाही. तिने दिव्याकडे आणखी एकदा पाहिलं, मग पर्स खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली. "चिरा," ती म्हणाली. "मी इथे बसून बघते."

मेस्त्रींनी सुरी उचलली. पट्टीचा अंगठा आत मुडपला आणि गाजराचा पहिला काप पाडला.