सोनेरी डाग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिथे होती तिथे कुणीतरी पिशवी ठेवलेली होती. सगळ्या बायका. पुरुषांना आत मज्जाव. ते बाहेर पायऱ्यांवर मोबाइल चाळत बसले होते आणि आत काय चाललंय याची आपल्याला गंधवार्ता नाही असा चेहरा करून होते. आत बहुतेकींच्या मांडीवर कागदी पिशवी, आणि पिशवीत आदल्या दिवशी अंगावर घातलेली, न धुतलेली ब्रा. जी वस्तू दोरीवर वाळत घालतानाही टॉवेलाखाली दडवायची, ती आज चारचौघींत मांडीवर घेऊन बायका ताठ मानेने बसल्या होत्या. शेवटच्या रांगेतल्या बाईंना याचं कौतुक वाटलं. चांगल्या कामासाठी एवढी लाज सोडताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. त्यांना इथे धाकट्या जावेने हाताला धरून आणलं होतं.

व्यासपीठावर मोकळ्याताई उभ्या होत्या. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. भक्तिणी त्यांना आरोग्यमाता म्हणत. अंगात पांढराशुभ्र, भरपूर खळ घातलेला कडक इस्त्रीचा झगा. हात हलवला की तो वर्तमानपत्रासारखा वाजायचा. आवाज मात्र मऊ, पांघरूण घालणाऱ्या आईचा.

“लेकींनो, वाहत्या पाण्याला बांध घातला की पाणी कुजतं. तुम्ही छातीला बांध घातलात. हुक लागला की लसीकेचा, अंगातल्या पांढऱ्या पाण्याचा, प्रवाह अडला. प्रवाह अडला की विष साचलं. आणि विष साचलं की...”

इथे त्या डोळे मिटून थांबल्या. पुढचा शब्द त्या कधीच उच्चारत नसत. तो जिने तिने आपल्या मनात उच्चारायचा. स्वतः उच्चारलेला जास्त लागतो.

मग चमत्कार. पहिल्या रांगेतली एक नवखी बाई वर गेली. पिशवीतली ब्रा ताटात ठेवली. मोकळ्याताईंनी फवाऱ्याच्या बाटलीतलं पिवळसर ‘सुवर्णजल’ तिच्यावर शिंपडलं आणि बघता बघता त्या कापडावर काळपट निळे डाग उमटले, कुणी गुद्दे मारल्यासारखे. सभागृहभर एकच उसासा गेला. नवखी तिथेच रडायला लागली. मोकळ्याताईंनी तिला पोटाशी धरलं, “निघालं बाळा, निघायला लागलं,” म्हणाल्या, आणि तिच्या हातात पुढची डबी दिली.

डब्यांची पद्धत अशी होती. नाव नोंदवलं की पहिली ‘शीतल भुकटी’ मिळे. ती आंघोळीनंतर छातीला लावायची, वर नेहमीसारखी ब्रा घालायची आणि दुसऱ्या दिवशी ती तपासणीला आणायची. डाग उमटला की ब्रा कायमची सोडायची. मग दुसरी भुकटी, आणि तिथूनच मिळालेली सुती पट्टी सैल कपड्याच्या आत ठेवायची. दर सभेला पट्टीवर सुवर्णजल. डाग फिकट, आणखी फिकट. शेवटी तिसऱ्या डबीवर निळं काहीच उमटत नसे, नुसता सोनेरी डाग. सोनेरी म्हणजे शुद्ध.

आज धाकटीची पट्टी सोनेरी निघाली. टाळ्या पडल्या. धाकटी व्यासपीठावरून उतरली ती परीक्षेत पहिली आल्यासारखी.

घरी येताना रस्ताभर बाईंच्या नाकात एक वास अडकला होता, ओळखीचा, पण कुठला ते आठवत नव्हतं. धाकटी मात्र बोलत होती. ती आतल्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकून माप सांगायची आणि सहसा चुकायची नाही. गेले कित्येक दिवस तिला झोप नव्हती. आपण स्वतः तर विष घातलंच, वर इतक्या जणींना हसत हसत विकलं, माप जरा घट्टच बरं म्हणून सांगितलं, या विचाराने तिला दुकानाचं शटर उघडवत नव्हतं.

इमारतीच्या जिन्यात ती थांबली.

“जाऊबाई, आता सांगायला हरकत नाही. मला गाठ होती.”

“होती?”

“म्हणजे आहे. हाताला लागते. पण आज सोनेरी निघालं ना. आता ती आपोआप विरघळेल म्हणाल्या.”

गाठ कधीपासून, हे विचारल्यावर धाकटीने जे सांगितलं त्यात एक अख्खा उन्हाळा गेला होता. डॉक्टरकडे? छे. सुई टोचली की विष अंगभर पसरतं, असं मोकळ्याताईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही हसला असता,” धाकटी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पडला असता म्हणावं तसं ती म्हणाली. “त्या हसल्या नाहीत. हात हातात घेऊन बसल्या.”

बाईंची जीभ घरात प्रसिद्ध होती. तिच्यावर सगळे हसत, आणि ज्याच्यावर ती चालायची तोही कसनुसा हसे. ती इतकी महाग पडेल असं बाईंना कधी वाटलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी दिराला गाठलं. दीर भला माणूस, पण अडचणीच्या प्रसंगी बूट पॉलिश करायला घेण्याची सवय असलेला. बूट घासत म्हणाला, “वहिनी, तिला बरं वाटतंय ना, मग कशाला उगाच? आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. मी स्वतः पट्टी पाहिली.” बाईंनी धाकटीला समजावलं, रागावल्या, शेवटी विनवलं. ती पट्टी पुढे करायची. एका बाजूला बाईंचे शब्द, दुसऱ्या बाजूला डोळ्यांनी दिसणारा सोनेरी डाग. बाईंच्या लक्षात आलं की डाग उभा आहे तोवर गाठीबद्दल बोलून उपयोग नाही. आधी तो डाग खोटा पाडायला हवा.

वास त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेत सापडला. सहावीचा तास होता. मुलांनी घरून आणलेल्या पदार्थांवर ड्रॉपरने थेंब टाकणं चाललं होतं. पिष्टमय पदार्थ कसा ओळखावा, प्रयोग पहिला. एका मुलीने बाटलीचं बूच उघडलं आणि बाई खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. आयोडीन. गुडघा फुटला की शाळेत लावतात त्या औषधाचा वास.

घरी येऊन त्यांनी धाकटीच्या कपाटातल्या तिन्ही डब्या मागून घेतल्या. पहिली भुकटी बशीत काढून शाळेतून आणलेल्या आयोडीनचा थेंब टाकला. काळीनिळी. दुसरी, फिकट निळी. तिसरी, पिवळी. धाकटी शेजारी उभी राहून पाहत होती. बाईंना वाटलं, झालं. पण ती शांतपणे म्हणाली, “विष शोधणारं पाणीच आहे ते. तुम्ही तुमच्या हातांनी केलंत, तुमच्या मनात राग आहे. त्या भुकटीत तो उतरणारच.”

बाईंनी डब्यांची झाकणं लावली.

पुढच्या सभेला बाई पुन्हा गेल्या. या खेपेला धाकटीच्या मागे नाही, तिला घेऊन, सरळ पहिल्या रांगेत. मोकळ्याताई बांधावर आल्या, पाणी कुजवून झालं, डोळे मिटले. तेवढ्यात बाई उठल्या, व्यासपीठावर चढल्या आणि टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलली. वर्गात एखाद्याच्या हातातून गोट्या काढून घ्याव्यात तशी, घाई न करता. आणि मोकळ्याताईंच्या झग्याच्या बाहीवर फवारा मारला.

खळ भरपूर होती. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत शाईसारखी निळी झाली.

मोकळ्याताई काही आज या धंद्यात आल्या नव्हत्या. त्यांनी बाहीकडे पाहिलं, हात वर उचलला, सगळ्यांना दाखवला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “पाहिलंत लेकींनो? तुमचं सगळ्यांचं विष मी अंगावर घेते. मी कधी बोलले नाही. आज या बाईंनी बोलायला लावलं.”

मागच्या रांगांतून हुंदके आले. दोघीतिघी तर नमस्कारालाच धावल्या. बाईंना एका क्षणासाठी समोरच्या कलावंताबद्दल आदर वाटला. मग त्यांनी पहिल्या रांगेत नजर टाकली. एक म्हातारी बाजारातून परस्पर आली होती. पायाशी भाजीची पिशवी.

“आजी, एक बटाटा द्या हो.”

आजीने मुकाट्याने दिला. शाळेत शिकलेली पिढी असो नसो, बाईंच्या आवाजाला कुणी नाही म्हणत नसे. बाईंनी पर्समधल्या स्टीलच्या फूटपट्टीने बटाटा मधोमध चिरला, त्याचं पांढरं अंग सभेकडे केलं आणि फवारलं. बटाटा काळानिळा पडला.

“ताई,” बाई म्हणाल्या, “हा कुठल्या मापाची घालतो?”

पहिल्यांदा आजी हसली. मग तिच्या शेजारची. मग ते हसू मागेपर्यंत गेलं आणि परत आलं, आणि त्यात मोकळ्याताई काहीतरी बोलत होत्या ते कुणाला ऐकूच आलं नाही. हशा ओसरल्यावर बाईंनी सांगून टाकलं. पाण्यात आयोडीन. पहिल्या डबीत मक्याचं पीठ, दुसरीत थोडं पीठ आणि बाकी टाल्कम, तिसरीत नुसती टाल्कम. पीठ दिसलं की आयोडीन निळं होतं, पीठ नसलं की आपल्या पिवळ्या रंगातच राहतं. तुमच्या छातीतलं काहीही त्या पट्टीवर कधीच आलं नव्हतं. निळं आलं नव्हतं, तसं सोनेरीही आलं नव्हतं.

काही जणींनी डब्या तिथेच टाकल्या. काही जणींनी पर्समध्ये ठेवल्या. भुकटी थंड तर वाटत होती. एक बाई जाताना बाईंना म्हणाली, तुम्ही सांगता ते खरं असेल, पण इतक्या प्रेमाने आमच्याशी कोण बोलतं. मोकळ्याताई मागच्या दाराने गेल्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्या वस्तीत त्यांचा फलक लागला. बाटलीतलं पाणी आता गुलाबी होतं.

धाकटी हसली नव्हती. खुर्चीत बसून ती बटाट्याकडे बघत होती.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “मग गाठ?”

दवाखान्यात लेडी डॉक्टर होत्या, हात गार होते म्हणून त्यांनी आधी चोळून घेतले. धाकटीने तपासणीआधी एकच प्रश्न विचारला, ब्रामुळे झालं का? डॉक्टर म्हणाल्या, नाही. छातीतली लसीका काखेतल्या गाठींकडे वाहत असते, ब्राच्या पट्ट्याने ती अडत नाही. ब्रा घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या बायकांची तुलना करून झाली आहे, तिच्यात कॅन्सरचा संबंध सापडलेला नाही. माप चुकलं तर खांद्यावर वळ उठतात, कातडी खाजते, पाठ दुखते. कॅन्सर होत नाही. आणि ब्रा सोडून तो जातही नाही. धाकटीने मान डोलावली. मग सुईने गाठीतला तुकडा काढून तपासला. अहवाल आला तेव्हा डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की उन्हाळ्याच्या सुरुवातीला आली असतीस तर नुसती गाठ काढून भागलं असतं.

आता डावी बाजू पूर्ण काढावी लागली, आणि काखेतही पसरलेलं निघालं. औषधं सुरू झाली. केस गेले. दिराने बूट पॉलिश करणं सोडलं. आता तो डब्यात पेज घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचा. बाई रोज जायच्या, कमी बोलायच्या. त्यांना हात हातात घेऊन बसायला शिकावं लागलं, आणि त्या वयात ते अवघड गेलं. एकदा धाकटीच म्हणाली, “असं आवळू नका, नाडी बघताय का?” दोघी हसल्या. बाईंना ते हसू बाहेर येऊन पुसावं लागलं.

पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. त्या तपासण्यांच्या तारखा सांगतात.

धाकटी पुन्हा दुकानात उभी राहते, डोक्याला रुमाल बांधून. स्वतःच्या ब्रामध्ये डाव्या बाजूला तिने हातांनी शिवलेली कापसाची गादी घातलेली असते. परवा एक तरुण मुलगी आली, मापं पाहता पाहता दबकत म्हणाली, “काकू, याने म्हणे ते होतं. आमच्याकडे गुलाबी पाण्याने तपासून देतात.”

बाई दुकानात कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांची जीभ शिवशिवली. त्यांनी ती आवरली.

धाकटीने हातातली टेप खाली ठेवली. “बाळ, घाल किंवा घालू नकोस, तुला बरं वाटेल तसं. त्याने काही होत नाही आणि काही टळतही नाही. पण आपल्याच अंगाला हात लावून बघत जा. काही वेगळं लागलं तर पाण्याला विचारू नकोस, पावडरीला विचारू नकोस, कुणी कितीही गोड बोललं तरी. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.”

मुलगी तिच्या रुमालाकडे बघत राहिली.

“मी थांबले होते,” धाकटी म्हणाली, आणि तिच्यासाठी माप घ्यायला टेप पुन्हा उचलली.